‘जीव घाबरा होणे’ : चिंतेच्या शारीर लक्षणांविषयीच्या मराठी लेखनाची चिकित्सा

चिंता, भय आणि ताण यांची शरीरावर उमटणारी लक्षणे व त्यांवरील उपाय हा विषय मराठी गद्याला आता नवा राहिलेला नाही. आरोग्यशिक्षणाच्या पुस्तिका, दवाखान्यांच्या भिंतींवरील तक्ते, नियतकालिकांतील वैद्यकीय सदरे यांमधून तो वारंवार हाताळला जातो आणि त्यासाठी एक ठराविक भाषाही आता घडून गेली आहे. ही भाषा कितपत खरी आहे, ज्याच्यासाठी ती लिहिली जाते त्याच्यापर्यंत ती पोचते काय, आणि पोचत नसल्यास दोष ऐकणाराचा की भाषेचा, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखात विचारात घ्यावयाचा आहे. कसोटीसाठी पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा हे दोन तालुके घेतले आहेत. येथील दहांपैकी सुमारे नऊ माणसे आदिवासी आहेत. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी अशा जमातींची ही वस्ती. नागली-वरईची डोंगरउतारावरची शेती पावसाबरोबर संपते आणि दिवाळीनंतर पुष्कळ कुटुंबे भिवंडी, वसई, वाडा या बाजूंच्या वीटभट्ट्यांवर किंवा नाशिकच्या बाजूला मजुरीसाठी उतरतात. शहरातील सुशिक्षित वाचक डोळ्यांसमोर ठेवून जे गद्य लिहिले गेले, ते येथे आणून पाहिले म्हणजे त्याची शिवण कोठे उसवते हे चटकन ध्यानात येते.

या गद्याचे पहिले गृहीत असे की, दुखणे ‘मनात’ उत्पन्न होते व मग ते शरीरात ‘उतरते’. धडधड, घाम, घशाची कोरड, पोटातील गोळा, हातापायांच्या मुंग्या हे सारे कशाचे तरी प्रतिबिंब. मूळ वस्तू मनात, तिची सावली देहावर. म्हणून रुग्णाने सावलीकडे लक्ष देऊ नये, मन शांत ठेवावे, विचार बदलावेत. वैद्यकाच्या परिभाषेत या कल्पनेला शारीरीकरण म्हणतात. मानसिक दुःख सांगता न आल्याने माणूस ते शरीराच्या भाषेत सांगतो, असा तिचा आशय. आर्थर क्लाइनमन यांनी चीनमधील हुनान प्रांतात केलेल्या व १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ‘मज्जादौर्बल्य’ असे निदान झालेले १०० रुग्ण तपासले. पाश्चात्त्य कसोट्या लावल्यावर त्यांपैकी ८७ जणांत तीव्र विषण्णतेची लक्षणे आढळली. या अभ्यासाचे महत्त्व मोठे आहे. डोकेदुखी, थकवा व झोप नसणे या तक्रारींमागे राजकीय छळ व कामाच्या ठिकाणची कोंडी कशी उभी होती, हे क्लाइनमन यांनीच दाखविले. परंतु त्याचा आधार घेऊन पुढे जे सैल लेखन झाले, त्यात एक तार्किक दोष शिरला. शरीराची तक्रार हा अनुवाद आहे असे म्हणावयाचे तर मूळ संहिता कोठे तरी असली पाहिजे. ती रुग्णाने पाहिलेली नाही, वैद्यानेही पाहिलेली नाही. अनुवाद मात्र अपुरा आहे असा निर्वाळा दोघांच्याही वतीने दिला जातो. साहित्याच्या समीक्षेत असा पुरावा आपण मान्य करणार नाही. येथेही तो करू नये.

आता मराठी भाषेकडे वळू. भयाचे व चिंतेचे जे वाक्प्रचार आपण शाळेत अर्थ पाठ करण्यापुरते शिकतो, ते अलंकार नसून निरीक्षणे आहेत. तोंडचे पाणी पळते, छातीत धस्स होते, घाम फुटतो, हातपाय गार पडतात, पोटात गोळा येतो, अंगावर काटा उभा राहतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, पाय लटपटतात, बोबडी वळते. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने, संकटात सापडलेला प्राणी लढण्यास वा पळण्यास कसा सज्ज होतो याचे विवेचन १९१५ साली ग्रंथरूपाने केले. लाळ आटते, हृदयाचे ठोके वाढतात, कातडीकडील व आतड्यांकडील रक्त आखडून स्नायूंकडे वळते, पचन थांबते. क्ष-किरणांखाली मांजरीच्या पोटाची हालचाल पाहत असता, मांजरी बिथरली की ती हालचाल बंद पडते, हे त्याला दिसले होते. आपल्या भाषेतील पोटातला गोळा आणि कॅननने पाहिलेले थांबलेले पोट ही एकाच गोष्टीची दोन वर्णने होत. त्याच्या ग्रंथाच्या नावात वेदना, भूक, भय आणि क्रोध अशी चार पदे एका ओळीत बसविलेली आहेत. त्यांतील दुसऱ्या पदाकडे शहरी गद्याचे लक्ष क्वचितच जाते. जव्हार-मोखाड्याचा विचार करताना ते विसरता येणार नाही. कारण रिकाम्या पोटी रक्तातील साखर उतरली असताही शरीर तोच रस स्रवते, तोच घाम फुटतो, तीच थरथर सुटते. भूक आणि भय यांची शरीरातील वाट बरीचशी एक आहे.

शब्दांची मुळे पाहिली तरी हेच दिसते. ‘चिंता’ हा शब्द विचार करण्याच्या धातूपासून आलेला, म्हणजे तो मनाचा शब्द. पण ‘काळजी’ काळजाशी नाते सांगते. आणि काळीज म्हणजे वस्तुतः यकृत, जरी बोलण्यात आपण ते हृदयाच्या जागी बसविले असले तरी. ‘संकट’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ अरुंद, चिंचोळे. ‘अंहस्’ या वैदिक शब्दातही कोंडीचाच अर्थ आहे आणि इंग्रजीतील ‘अँग्झायटी’ व जर्मनमधील ‘आंग्स्ट’ हे शब्द त्याचे दूरचे भाऊबंद आहेत. त्यांच्या मुळाशी आवळणे, अरुंद होणे हीच कल्पना आहे. ‘उद्वेग’ कापण्याशी, ‘विषाद’ खचण्याशी बांधलेला. छाती आवळल्यासारखी वाटणे हे चिंतेचे ‘लक्षण’ असे म्हणण्यापेक्षा चिंता हे त्या आवळण्याला मागाहून मिळालेले नाव आहे, असे म्हणावयास भाषेचा इतिहास तरी हरकत घेणार नाही. विल्यम जेम्सने १८८४ साली भावनेविषयी जो सिद्धान्त मांडला त्याचा रोखही हाच होता: शरीरातील बदल आधी, त्यांची जाणीव म्हणजे भावना. कॅननने पुढे १९२७ मध्ये त्यावर सडकून टीका केली, आणि तिच्यात तथ्य होते. परंतु देह हा भावनेचा केवळ निरोप्या नव्हे ही गोष्ट त्या टीकेनंतरही उरली.

या संदर्भात भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायातील अर्जुनाचे वर्णन पुन्हा वाचण्यासारखे आहे. आपल्या परंपरेतील हा बहुधा सर्वांत परिचित असा चिंतेचा झटका. तेथील क्रम पाहावा. प्रथम गात्रे खचतात, मग तोंड सुकते, शरीराला कंप सुटतो, रोमांच उभे राहतात, हातातून धनुष्य सुटते, त्वचेचा दाह होतो, उभे राहवत नाही. आणि इतके झाल्यावर सर्वांत शेवटी मन भ्रमल्यासारखे होते. मन शेवटी येते. युक्तिवाद तर त्याच्याही नंतर येतात. ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, हा प्रसंग मराठीत आणला तेव्हा अर्जुनाच्या या अवस्थेला त्यांनी भ्याडपणा ठरविले नाही. स्नेहाने अंतःकरण द्रवले आणि म्हणून हे शूर शरीर ढासळले, असा त्यांच्या विवेचनाचा सूर आहे. आधुनिक आरोग्यगद्याच्या लेखकापुढे हा अर्जुन उभा केला तर त्याला ‘नकारात्मक विचार टाळा’ एवढाच सल्ला मिळण्याचा संभव आहे.

व्याकरणाचा मुद्दा याहून अधिक महत्त्वाचा वाटतो. मराठीत माणूस भीतीचा कर्ता नसतो. मला भीती वाटते, मला ताप आला, मला घेरी आली, मला रडू कोसळले. आणि अलीकडे खेड्यापाड्यांत रुळलेल्या शब्दात सांगावयाचे तर, मला टेन्शन आले. ताप आणि टेन्शन यांची वाक्यरचना एक आहे. दोन्ही बाहेरून येतात, माणूस चतुर्थीत उभा राहून ते सोसतो. ‘जीव घाबरा होतो’ या प्रयोगात तर ‘मी’ उरतच नाही. घाबरणारा जीव असतो, आणि जीव म्हणजे मन की शरीर हा प्रश्न मराठी बोलणाराला पडत नाही. ‘जिवाला बरे नाही’ असे म्हणणारी बाई अंग दुखते असे सांगत असेल, मन लागत नाही असे सांगत असेल, बहुधा दोन्ही सांगत असेल. याउलट सल्ल्याचे गद्य आज्ञार्थात चालते: चिंता करू नका, विचार थांबवा, मनावर ताबा ठेवा. जे रुग्णाला ‘येते’, ते रुग्ण ‘करतो’ असे या आज्ञार्थाने गृहीत धरले. मग न थांबल्यास दोष कोणाचा, हे वेगळे सांगावे लागत नाही. ‘काही नाही, मनाचे खेळ आहेत’ हे वाक्य दवाखान्याच्या दारातून घेऊन परतणारा माणूस लबाड ठरतो किंवा वेडा. तिसरी जागा त्याला भाषेने ठेवलेली नाही.

हा भेद केवळ शैलीचा नव्हे. घाबरल्यासारखे होते, असे रुग्ण म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ भीती वाटते असा नसतो. त्यात धडधड, अस्वस्थता, श्वास अपुरा पडणे, पोटात ढवळणे असे पुष्कळ काही असते. परकीय भाषेतून आलेल्या प्रश्नावलीत ‘तुम्हांला भीती किंवा काळजी वाटते का?’ असा प्रश्न ठेवला तर त्याचे उत्तर ‘नाही’ असे येऊ शकते, आणि तीच बाई पुढच्याच वाक्यात जीव सारखा वर-खाली होतो असे सांगते. आणखी एक धोका आहे, तोही उलट दिशेचा. हृदयविकाराचा झटका आलेला माणूसही ‘घाबरल्यासारखे होते’ असेच म्हणतो. छातीत दाब, डाव्या हाताकडे वा जबड्याकडे सरकणारी कळ, थंड घाम असे असताना श्वासाचे व्यायाम सांगत बसणे म्हणजे अपराध होय. ज्या भागात स्त्रियांमध्ये रक्तक्षय मोठा आहे तेथे धडधड व दम लागणे ही प्रथम रक्ताची तक्रार मानून तपासली पाहिजे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता. तेव्हा आदिवासी स्त्रीची धडधड मनाच्या खात्यावर टाकण्याची घाई आणि शहरी पुरुषाची धडधड हृदयाच्या खात्यावर टाकण्याची घाई, या दोन्हींत एकच आळस आहे: न ऐकण्याचा.

उपायांच्या वर्णनात या गद्याचा दोष अधिक उघडा पडतो. जवळजवळ प्रत्येक पुस्तिकेत ‘दीर्घ श्वास घ्या’ असे वाक्य असते. हे वाक्य अर्धवट आहे आणि अर्धवट असल्यामुळे प्रसंगी अपायकारकही. घाबरलेला माणूस आधीच गरजेहून अधिक हवा आत-बाहेर करीत असतो. त्यामुळे रक्तातील कार्बन डायॉक्साइड कमी होतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आखडतात, गरगरते. ओठांभोवती व बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, क्वचित बोटे वळतात. आणि श्वास पुरत नाही असे वाटून माणूस आणखी मोठा श्वास ओढतो. अशा वेळी दीर्घ श्वास घ्या म्हणून सांगणे म्हणजे वाहत्या पाण्याला आणखी उतार देणे. कामाची गोष्ट श्वास घेण्यात नाही, सोडण्यात आहे. उच्छ्वास लांबविला की हृदयाची गती मंदावते. हे शरीरशास्त्राने सांगितलेले आहे. आश्चर्य असे की मराठी भाषेला ते आधीपासून माहीत होते. सुटकेचा आपण निःश्वास टाकतो. श्वास घेत नाही. उसासा सोडावयाचा असतो. ‘हुश्श’ हा उद्गार म्हणजे लांब उच्छ्वासाचे ध्वनिचित्रच. आणि चिंता मिटली की जीव भांड्यात पडतो, म्हणजे वर टांगलेला तो खाली येऊन टेकतो. या शब्दांच्या आधारे श्वासाची शिकवण कोणत्याही निरक्षर माणसाला दोन वाक्यांत देता येईल: ओझे उतरविल्यावर जसे ‘हुश्श’ करता, तसे हळूहळू करा, श्वास घेण्याची काळजी करू नका, तो आपला आपण येईल. भाषांतरित पुस्तिकांना हे सुचले नाही, कारण त्या आपल्या भाषेकडे साधन म्हणून पाहत होत्या, ज्ञान म्हणून नव्हे.

स्नायूंच्या शिथिलीकरणाची पद्धत एडमंड जेकबसनने १९२९ साली ग्रंथरूपाने मांडली. एकेक स्नायुगट आवळावयाचा व सोडावयाचा, म्हणजे ताण कोठे आहे हे कळते व तो सोडता येतो. पद्धत उपयुक्त आहे याविषयी शंका नाही. परंतु ती सांगताना आरामखुर्ची, शांत खोली, मंद प्रकाश आणि डोळे मिटून कल्पिलेला समुद्रकिनारा ही सामग्रीही बरोबर येते. कारवीच्या कुडाच्या, शेणाने सारवलेल्या एका खोलीच्या घरात, जेथे चूल, अंथरूण, कोंबड्या आणि म्हातारी एकत्र नांदतात, तेथे शांत खोली कोठून आणावी? आणि जी बाई दिवसभर विटा वाहून आली आहे तिला स्नायू आवळून दाखव म्हणणे हा विनोद होईल. तिचा ताण, शब्दाच्या मूळ अर्थाने, दोरीचा ताण आहे. तो मानेत आणि कमरेत आहे. जात्यावर दळताना बायका ओव्या म्हणत असत. कष्टाला लय आणि श्वासाला लांबी देण्याची ती रीत होती. गाताना उच्छ्वास आपोआप लांबतो. हेमा राईरकर व गी पॉइत्व्हाँ यांनी महाराष्ट्रभरातून जमविलेल्या अशा ओव्यांची संख्या लाखावर गेली आहे. वारल्यांच्या लग्नात धवलेरी जी दीर्घ गाणी म्हणते, त्यांचाही या दृष्टीने अभ्यास होण्याजोगा आहे. जाते गेले, पिठाची गिरणी आली. कष्ट कमी झाले याचा आनंदच मानला पाहिजे. जुन्या कष्टांचे गोडवे गाणारी विद्वत्ता आम्हांला मानवत नाही. मात्र जात्याबरोबर श्वासाची जी एक सवय गेली तिच्या जागी आपण पत्रकावरील एक आज्ञार्थी वाक्य ठेवले, ही नोंद केली पाहिजे.

आता भगताविषयी. आरोग्यगद्यात भगत खलनायक असतो आणि लोकसंस्कृतीच्या गद्यात ऋषी. दोन्ही चित्रे सोयीची आहेत. भगत दाणे पाहतो, नाव घेतो, रात्रभर गातो; दुखणाईत एकटा राहत नाही, त्याच्याभोवती घर आणि पाडा जमतो. धडधडीला तेथे एक कारण मिळते, कारणाला उपाय मिळतो, उपायाला शेवट मिळतो. ज्या लक्षणांची कारणे चिंतेत आहेत त्यांना यामुळे उतार पडावा यात नवल नाही. याच तालुक्यांत उन्हाळ्याच्या दिवसांत बोहाडा होतो. देवादिकांचे मुखवटे घालून सोंगे नाचतात. सोंग घेणाऱ्याच्या अंगात वारे येते असे मानतात. अंगाला सुटणारा कंप, घाम, वाढलेला श्वास हीच ती लक्षणे. परंतु त्यांना येथे ठरलेली जागा, ठरलेला काळ, संबळाची लय आणि पाहणारे लोक आहेत, म्हणून त्यांचे कोणाला भय वाटत नाही. शरीर तेच, अर्थ वेगळा. तथापि भगताचा अर्थ नेहमी निरुपद्रवी नसतो. सर्पदंश झालेला किंवा फुप्फुसदाहाने धापा टाकणारा मुलगा त्याच्यापुढे तासन्‌तास ठेवला जातो तेव्हा जीव जातो. आणि कारण शोधता शोधता एखाद्या विधवेचे वा एकट्या बाईचे नाव भुताळी म्हणून निघते, तेव्हा एका घराचे भय दुसऱ्या घरात सरकविले जाते इतकेच. त्या बाईच्या छातीची धडधड कोण मोजणार? जादूटोणाविरोधी अधिनियम राज्यात २०१३ साली झाला तो अशाच गोष्टींसाठी. कायद्याने नाव घेणे थांबवावे. पण नाव घेण्यामागे जी कारणाची भूक आहे ती कायद्याने भागत नाही. आरोग्यसेवेने कारण सांगितले पाहिजे, आणि ‘काही नाही’ हे कारण नव्हे.

येथे समर्थ रामदासांच्या दासबोधाची आठवण होते. तिसऱ्या दशकात त्रिविध तापांचे तीन समास आहेत. आध्यात्मिक तापात देह, इंद्रिये व प्राण यांच्या योगाने होणारे दुःख येते. आधिभौतिकात इतर भूतांच्या, म्हणजे प्राण्यांच्या व माणसांच्या संयोगाने होणारे. आधिदैविकात मरणोत्तर यातना. सांख्यांच्या टीकाकारांनी आध्यात्मिक दुःखाचे शारीर व मानस असे पोटभेद केले, पण वर्ग एकच ठेवला. आजच्या आरोग्यगद्याने मुख्य रेघ शरीर आणि मन यांच्यामध्ये ओढली. या परंपरेने ती ‘आपल्यापासून’ आणि ‘दुसऱ्यापासून’ यांच्यामध्ये ओढली. या दुसऱ्या रेघेचे महत्त्व मोखाड्यात कळते. मुकादमाकडून घेतलेली उचल हंगामभर फिटत नाही, भट्टीवर आजारी पडले तर खाडा धरला जातो, मूल तेथेच झोपडीत वाढते. या सर्वांमुळे जी झोप उडते ती दिसावयास आध्यात्मिक, पण मुळात आधिभौतिक आहे. तिच्यावर श्वासाचा उपाय सांगावा, जरूर सांगावा. परंतु ती श्वासामुळे उत्पन्न झाली असे सुचवू नये. उन्हाळ्यात मोखाड्याच्या पाड्यांवर टँकरची वाट पाहणाऱ्या बाईच्या जिवाची घालमेल आणि त्याच तालुक्यात कोचाळे येथे बांधलेल्या मध्य वैतरणा धरणातून मुंबईला जाणारे पाणी, यांचा संबंध कोणत्याही तणावमुक्तीच्या पुस्तिकेत आढळत नाही. तो तेथे असावा अशी अपेक्षा करणे कदाचित अन्याय होईल. तरी पुस्तिका मनाविषयी जे म्हणते त्याचा अधिकार त्यामुळे थोडा उणा होतो खरा.

गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक १९७० साली प्रसिद्ध झाले व १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ते आत्मकथन आणि चळवळीचा इतिहास म्हणून वाचले जाते. भयाविषयीचे पुस्तक म्हणूनही ते वाचता येते. १९४५ पासून ठाणे जिल्ह्याच्या तत्कालीन उंबरगाव व डहाणू तालुक्यांत वारल्यांनी वेठीविरुद्ध जो लढा दिला त्याची ही हकीकत. तीत भीती ही एकट्या माणसाची मानसिक दुर्बलता म्हणून येत नाही. मार, वेठ आणि कर्ज यांच्या पोटी ती जन्मते, शरीरात मुरते आणि लोक एकत्र आल्यावर शरीरातूनच निघून जाऊ लागते. लेखिकेचा राजकीय आग्रह सर्वत्र स्पष्ट आहे, आणि संघटनेने सर्व भये संपतात हा तिचा विश्वास आज कोणी जसाच्या तसा स्वीकारणार नाही. संघटित माणसालाही रात्री एकट्यालाच झोपावे लागते. परंतु भयाचे कारण भयभीताच्या बाहेर शोधण्याची जी दृष्टी या पुस्तकात आहे ती आपल्या आरोग्यगद्यात नाही, आणि भयभीताच्या आत पाहण्याची जी दृष्टी आरोग्यगद्यात आहे ती या पुस्तकात कमी आहे.

१९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. २०१६ साली मोखाड्यामुळे तीच चर्चा पुन्हा उठली. या चर्चांत बालकाचे वजन ग्रॅममध्ये येते, दंडाचा घेर सेंटिमीटरमध्ये येतो, आणि ते आलेच पाहिजे. ज्या बाईचे एक मूल गेले आहे व दुसरे पदरात आहे, ती रात्री मुलाच्या नाकाशी हात धरून श्वास चालू आहे ना हे पाहते. तिच्या या जागण्याला कोणत्याही तक्त्यात रकाना नाही. तिची डोकेदुखी मात्र नोंदवहीत असते आणि तिच्यापुढे वेदनाशामक गोळ्यांची संख्या. दुखण्यासाठी सुई किंवा सलाईन मागणारे रुग्ण खेड्यांत सर्वत्र भेटतात, आणि त्याबद्दल त्यांना हसण्याचीही पद्धत आहे. पण सुई म्हणजे काय, याचाही विचार करावा. माझी तक्रार खरी आहे, ती अंगात आहे, तिच्यासाठी काही करण्यासारखे आहे, या तीन गोष्टींची ती पावती असते. शब्दांनी ही पावती दिली तर सुईची मागणी घटेल, असे मानण्यास जागा आहे. गोव्यात २४ आरोग्यकेंद्रांत झालेला ‘मानस’ हा प्रयोग २०१० साली प्रसिद्ध झाला. वैद्यकीय पदवी नसलेल्या, स्थानिक, प्रशिक्षित समुपदेशकांनी रुग्णाला त्याच्या तक्रारींचे कारण समजावून सांगणे हा त्यातील उपचाराचा पाया होता. सरकारी केंद्रांतील रुग्णांना त्याचा स्पष्ट लाभ दिसला. खाजगी दवाखान्यांत तसा फरक ठळकपणे दिसला नाही. मराठीच्या अभ्यासकाला यातून घेण्यासारखे हे की, येथे समजावून सांगणे हाच उपचार होता, म्हणजे परिभाषेचा प्रश्न हा उपचाराचाच प्रश्न होता.

तेव्हा काम कोशकाराचे आहे, आणि ते अद्याप व्हावयाचे आहे. वर जी उदाहरणे दिली ती प्रमाण मराठीची. ग्रियर्सनने आपल्या भाषासर्वेक्षणाच्या १९०५ मधील सातव्या खंडात वारलीची गणना मराठीच्या कोकणी प्रमाण बोलीच्या पोटी केली. पण जव्हारच्या बाजारात उभे राहिले तर वारली, कोकणा आणि कातकरी बोलणे यांतील अंतर कानाला जाणवते, आणि देहाची दुखणी सांगणारे शब्द हा कोणत्याही बोलीतील सर्वांत घरगुती, म्हणून सर्वांत कमी नोंदलेला भाग असतो. जीव घाबरा होणे याला कातकरी बाई काय म्हणते, छातीवरचे दडपण वारलीत कशाच्या उपमेने सांगतात, मूल गेल्यावर पोटात जे होते त्याला कोकण्यांत वेगळा शब्द आहे काय, हे प्रश्न कोणत्याही विद्यापीठीय मराठी विभागाच्या कक्षेतील आहेत. शब्द गोळा करावयास जाणाराने मात्र पावसाळ्यात, शेतीची कामे चालू असताना जावे. दिवाळीनंतर पाड्यावर म्हातारी माणसे आणि कुत्री तेवढी राहतात, आणि ज्यांना विचारावयाचे ती माणसे भिवंडीच्या वाटेला लागलेली असतात.